घर मुलांचेच आहे, पण कधीपासून?

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून अप्पासाहेब बेलवलकरांच्या दुःखाने मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येत आहे. मुलांची कृतघ्नता, घरात होणारी अवहेलना, म्हातारपणाची अगतिकता यांवर आपण भरपूर बोललो. पण या शोकांतिकेच्या मुळाशी एक व्यवहार आहे आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. निवृत्त होताच अप्पा आपली सारी मिळकत मुलांना वाटून टाकतात. हयातीतच, आणि हातचे काहीही न राखता. कायद्याच्या भाषेत त्यांनी केले ते बक्षीस. करायला हवे होते ते मृत्युपत्र. तसे केले असते तर मुलांचे स्वभाव काही बदलले नसते, पण अप्पा आणि कावेरी स्वतःच्या छपराखाली राहिले असते.

ज्या पिढीने कर्जाचे हप्ते फेडत डोंबिवलीला, ठाण्याला, कोथरूडला किंवा नाशिकला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला, ती पिढी आज सत्तरीच्या पुढेमागे आहे. नोकरी संपली, मुले मार्गी लागली आणि ज्या ब्लॉकसाठी एकेकाळी सोसायटीतून, पतपेढीतून पैसे उचलले, तोच आज घरातली सर्वांत मोठी चीजवस्तू होऊन बसला आहे. मग एके दिवशी जेवताना विषय निघतो. मुलगा म्हणतो, “बाबा, नंतर कशाला कोर्टकचेऱ्या? आत्ताच नावावर करून टाका ना.” त्यात कपट असतेच असे नाही. बहुतेक वेळा नसतेच. पण हे वाक्य ऐकल्यावर सही करण्याआधी चार गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

दोनशे रुपयांचा मोह

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागते. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. विक्रीच्या व्यवहारात लाखांचे शुल्क भरणाऱ्यांना हे जवळजवळ फुकटच वाटते. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण तिच्यामुळे बक्षीसपत्र करणे फार सोपे झाले आहे आणि ते केल्याचा परिणाम मात्र पूर्वीइतकाच कडक राहिला आहे.

बक्षीसपत्र नोंदले गेले आणि मुलाने ते स्वीकारले की घर त्याचे. उद्या त्याने ते गहाण टाकले, विकले, धंद्यात घातले, तर आईवडिलांना विचारण्याचे कायदेशीर बंधन त्याच्यावर नाही. मन बदलले म्हणून एकट्याने ते रद्दही करता येत नाही. मृत्युपत्राचे नेमके उलटे आहे. ते करणाऱ्याच्या पश्चात अमलात येते. तोवर घर त्याचेच, आणि शुद्धीवर असेपर्यंत ते मृत्युपत्र बदलण्याचा, फाडून टाकण्याचा, नवे करण्याचा अधिकारही त्याचाच. शेवटी घर मुलालाच जायचे असेल तर दोन्ही कागदांनी ते जाते. फरक मधल्या वर्षांचा आहे, आणि म्हातारपण त्याच मधल्या वर्षांत काढायचे असते.

छतरपूरच्या आईचा खटला

“पण आता म्हाताऱ्यांच्या बाजूने कायदा झाला आहे ना?” असे अनेक जण विचारतात. झाला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ साली संसदेने केला. त्याच्या २३व्या कलमात अशी तरतूद आहे की, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असे मानून न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकते. हे न्यायाधिकरण प्रांत अधिकाऱ्याच्या किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली चालते.

या तरतुदीत ‘अटीवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मायेने देताना अट कोण घालतो? डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट सांगितले की, सांभाळाची अट होती हे दाखवता आले नाही तर हे कलम लागू होत नाही. केवळ प्रेमापोटी दिलेल्या मालमत्तेत अशी अट आपोआप गृहीत धरता येत नाही.

त्यानंतर मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईचा खटला आला. तिने २०१९ मध्ये मुलाला घर बक्षीस दिले. मुलगा शेवटपर्यंत सांभाळ करील आणि न केल्यास आईला बक्षीस परत घेता येईल, असे एक वेगळे वचनपत्रही होते, असे तिचे म्हणणे होते. मुलाने ते वचनपत्र बनावट असल्याचा दावा केला. प्रांत अधिकाऱ्यांनी आईच्या बाजूने निकाल दिला, जिल्हाधिकाऱ्यांनी तो उचलून धरला, उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीही तो कायम केला. पण खंडपीठाने तो फिरवला, कारण अट खुद्द बक्षीसपत्रात नव्हती. अखेर २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केले आणि घराचा ताबा आईला परत देण्याचा आदेश दिला. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थही उदारपणे लावला पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

आई जिंकली. पण त्यासाठी तिला आपल्याच पोटच्या मुलाविरुद्ध पाच पायऱ्या चढाव्या लागल्या. म्हणून, बक्षीसपत्र करायचेच असेल तर त्यातच सांभाळाची आणि त्या घरात हयातभर राहण्याच्या हक्काची अट स्वच्छ शब्दांत लिहावी. संकोच वाटला तरी लिहावी. ज्याच्या मनात सांभाळायचे आहे, त्याला ती अट जड जाणार नाही.

काहीच केले नाही तर?

दुसऱ्या टोकाला कागदच न करणारी मंडळी असतात. ‘आहेच काय आपल्याजवळ?’ असे म्हणत वर्षे जातात. काहींना ‘मृत्युपत्र’ या शब्दाचीच धास्ती वाटते. त्यांनी खुशाल ‘इच्छापत्र’ म्हणावे. पण कागद नसेल तर वाटणी कायदा करतो, आणि ती आपल्या मनासारखी असेलच असे नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांना सारखे हिस्से मिळतात. समजा, ब्लॉक एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि मागे बायको, मुलगा, मुलगी आहेत. आपल्या पश्चात घर बायकोचेच, असे तो गृहस्थ आयुष्यभर धरून चालला; प्रत्यक्षात चाळीस वर्षे त्या घरात राबलेली बाई एक तृतीयांशाची मालकीण ठरते. घर विकायचे म्हटले तर तिला मुलांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि दोघांचे पटत नसेल तर तिच्या म्हातारपणाचे काय होते, हे सांगायला नको.

स्त्रीच्या मालमत्तेची तऱ्हा आणखी वेगळी. अपत्य नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ताही आधी तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. नोकरी करून स्वतःचे घर घेतलेल्या, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांनी तर मृत्युपत्र आजच करावे.

मुलींचाही विचार व्हायला हवा. वडिलार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी सुधारणा देशभर २००५ मध्ये झाली. महाराष्ट्राने त्या दिशेचे पाऊल १९९४ मध्येच टाकले होते, पण ते तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरते होते. आजही अनेक घरांत वडिलांचे दिवस झाले की बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. जबाबदारीत मात्र ती वगळलेली नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितले की, विवाहित मुलीलाही वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाळता येत नाही.

हे नियम हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांचे. मुस्लिम व्यक्तीला साधारणतः वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही. गोव्यात निम्मा वाटा वारसांसाठी राखीव असतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

“सगळीकडे नॉमिनी लावलेत, आता काळजी नाही,” हा आपल्याकडचा आवडता समज. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा कागद ज्याच्या हाती सोपवायचे तो माणूस. मालक कोण, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि रोख्यांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. गृहनिर्माण सोसायटीतही २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरता सभासद मानले जाते. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून पती, पत्नी, आईवडील किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांची होते. नॉमिनी लावावाच, कारण त्याने पैसे लवकर हाती येतात. बँकेच्या ठेवींवर तर १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात नाव दुसऱ्याचे, असा घोळ ठेवू नये. भावाभावांचे बोलणे बंद व्हायला तेवढे पुरते.

साधा कागद, दोन साक्षीदार

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलेही चालते. खाली आपली सही आणि आपण सही करताना पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना काही द्यायचे आहे त्यांना साक्षीदार करू नये, आणि साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण असावेत, म्हणजे वेळ येईल तेव्हा सांगायला ते हयात असतील. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन करून घेतलेली बरी. वय झाले असेल तर प्रकृती व मन ठीक असल्याचे डॉक्टरांचे पत्र त्याच तारखेचे जोडावे. कोणाला कमी देणार असाल तर कारण दोन ओळींत, कडवटपणा न आणता लिहावे. वडिलार्जित मालमत्तेत फक्त आपल्या हिश्शाविषयीच लिहिता येते, हेही ध्यानात असू द्यावे. नवराबायकोने आपापली वेगळी मृत्युपत्रे करावीत आणि दोघांनीही पहिला विचार मागे राहणाऱ्या जोडीदाराचा करावा.

मुले परदेशी असलेली मंडळी कुलमुखत्यारपत्रावर विसंबून असतात. पण देणाऱ्याची बुद्धी चालेनाशी झाली की आपल्या कायद्यात मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंशाने ग्रासल्यावर, नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निरुपयोगी ठरतो. बँकेची खाती वेळीच संयुक्त करणे हा त्यावरचा साधा उपाय. शेवटच्या आजारात कृत्रिम उपायांनी जीव ताणून धरावा की नाही, हेही आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि २०२३ पासून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. आईला व्हेंटिलेटरवर ठेवायचे का, या प्रश्नावर अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांच्या डोक्यावरचा केवढा भार त्याने हलका होतो!

हे सारे गुपचूप मात्र करू नये. दिवाळीला मुले, सुना, लेकी, जावई जमतात, तेव्हा एका संध्याकाळी सांगून टाकावे: घराचे असे असे ठरवले आहे, कागद अमुक कपाटात आहे, लॉकरची किल्ली आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट तमुक ठिकाणी आहे. थोडा वेळ सगळे गप्प होतील, कोणी म्हणेल, “आत्ता हे कशाला?” म्हणू द्यावे. ज्या मुलांना आईवडिलांनी समोर बसवून सांगितलेले असते, ती वाटणी न आवडली तरी बहुधा पाळतात. आणि घर अजून आईवडिलांचेच आहे, हेही सर्वांना शांतपणे कळते.