टॉवर यांची खुंटी आणि रिमोटची गाडी

एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलाची रिमोटवर चालणारी गाडी पावसाळ्यात चिखलातून, डबक्यांतून फिरते आणि काही दिवसांत तिची चाकं करकरू लागतात. घरात डब्ल्यूडी-४०चा डबा आहे, शिलाई मशीनचं तेल आहे, सायकलचं ग्रीस आहे. यांपैकी काय घालावं?

तिन्ही घालावीत, पण प्रत्येकाची जागा वेगळी. ती जागा कशी ओळखायची हे समजून घ्यायला १८८३ सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागेल. वंगणशास्त्राच्या इतिहासातली माझी सर्वात आवडती गोष्ट तिथे घडली.

रेल्वेच्या डब्यांच्या आसांमध्ये घर्षण किती होतं, हे मोजायचं काम ब्रिटिश यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने ब्यूशॉंप टॉवर या अभियंत्याकडे सोपवलं होतं. टॉवर यांनी फिरत्या आसाचा खालचा भाग तेलात बुडवला, वरून पितळी बेअरिंग बसवलं आणि त्यावर भार टाकला. प्रयोगाच्या ओघात बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर उसळून बाहेर आलं! टॉवर यांनी बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग त्यांनी तिथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता आणि दाबमापकाचा काटा २०० पौंडांची मर्यादा ओलांडून गेला.

पंप नव्हता, बाहेरून कसलाही दाब दिलेला नव्हता. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढत होता, आणि तिथे कोंडलेलं तेल सगळा भार उचलून धरत होतं. आस पितळेवर टेकलेलाच नव्हता, तो तेलावर तरंगत होता. पावसात भरधाव मोटारीचं चाक रस्ता सोडून पाण्याच्या थरावर चढतं, तेव्हा हेच घडत असतं. १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनल्ड्स यांनी या तरंगण्याचं गणित मांडलं. ते समीकरण आज जगभर रेनल्ड्स यांच्या नावाने शिकवलं जातं आणि ते योग्यच आहे. पण ज्या माणसाने निघून आलेली खुंटी पुन्हा ठोकून गप्प न बसता तिथे दाबमापक लावला, त्याचं नाव बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानावरही पडत नाही. निरीक्षणाला एवढं दुय्यम स्थान देणं मला अन्यायाचं वाटतं.

टॉवर यांच्या प्रयोगाचं सार असं: तेलाचा थर टिकणं हे वेग, भार आणि तेलाचा दाटपणा या तीन गोष्टींवर अवलंबून असतं. वेग भरपूर असेल तर पातळ तेलही थर धरतं आणि दाट तेल उलट शक्ती खातं. वेग कमी आणि भार जास्त असेल तर दाट वंगण हवं. ही कसोटी आता गाडीला लावू.

मोटरचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्याच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. मात्र ब्रश असलेल्या मोटरमध्ये ते तेल कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या भागावर, जाऊ देऊ नये. बंद पेटीतल्या धातूच्या गिअरना ग्रीस द्यावं, कारण दातांवर भार मोठा असतो आणि ग्रीस जागचं हलत नाही. बाहेर उघड्यावर फिरणारे प्लॅस्टिकचे गिअर मात्र कोरडेच ठेवावेत. ग्रीसला धूळ चिकटते, त्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि क्वार्ट्झ पोलादालाही ओरखडतं. वंगण म्हणून लावलेल्या ग्रीसचाच मग पॉलिश पेपर होतो.

शॉक अब्सॉर्बर आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजुळणी) यांमधलं तेल मुख्यतः झीज थांबवायला नसतं. त्याचं काम अडवणं. शॉकमधला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल रेटतो आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत विरते. इथे सिलिकॉनचं तेल वापरतात, कारण तापल्यावर त्याचा दाटपणा खनिज तेलापेक्षा खूप कमी बदलतो. पाण्याचा दाटपणा सुमारे १ सेंटिस्टोक; शॉकमधल्या तेलाचा काही शे, तर डिफरन्शियलमधल्या तेलाचा हजारांपासून लाखापर्यंत. हेच सिलिकॉन पोलादावर पोलाद घासतं तिथे मात्र कमकुवत ठरतं, म्हणून बेअरिंगमध्ये ते घालू नये.

राहिला डब्ल्यूडी-४०. सॅन डिएगोतल्या एका छोट्या कंपनीने १९५३ मध्ये अ‍ॅटलास क्षेपणास्त्राचं पातळ पोलादी आवरण गंजू नये म्हणून पाणी हुसकावणारा द्रव बनवायला घेतला आणि तो चाळिसाव्या प्रयत्नात जमला. त्यातला बराचसा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. मागे उरतो तेलाचा पातळ थर. त्यामुळे धुतलेल्या गाडीच्या बेअरिंगमधलं पाणी काढायला तो उत्तम आहे. पण त्यासोबत जुनं ग्रीसही विरघळून निघतं, तेव्हा नंतर तेलाचा थेंब द्यायलाच हवा. नाहीतर साध्या बेअरिंगच्या पोलादात क्रोमियम जेमतेम दीड टक्का असतं, ते गंजायला वेळ लागत नाही. कोकणात समुद्राच्या वाळूवर गाडी फिरवणाऱ्यांनी तर आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावं. मिठातलं क्लोराइड स्टेनलेस पोलादाचाही संरक्षक थर भेदतं.

हा फवारा गाडीच्या बॉडीवर उडू देऊ नका. ती बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि या प्लॅस्टिकवर तो वापरू नये, असं कंपनी स्वतःच सांगते. ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटला काही द्रावकं लागली की बारीक तडे जातात. नैसर्गिक रबराच्या टायरनाही खनिज तेलापासून दूर ठेवावं, त्याने रबर फुगतं. बॉडी साबणाच्या पाण्याने धुणंच बरं.

‘सर्व कामांसाठी एकच’ अशी जाहिरात असलेले महागडे फवारे दुकानांत भरपूर मिळतात. एकच द्रव पातळही आणि दाटही, उडून जाणारा आणि टिकून राहणाराही असू शकत नाही. तो पैसा वाचवा आणि दोन वेगवेगळ्या दाटपणाची शॉकची तेलं आणा. ३०० सेंटिस्टोकचं काढून ५०० चं भरा आणि त्याच खड्ड्यांवरून गाडी पुन्हा पळवा. गाडीची उसळी कशी बदलली हे मुलाला स्वतः पाहू द्या, वहीत लिहू द्या. टॉवर यांनी केलं ते याच जातीचं काम होतं.