प्रकाशाचा चिमटा आणि हिवतापाची पेशी

मगरिबनंतर भगवती बंदराकडे फेरफटका मारणाऱ्या प्रत्येकाने रत्नदुर्गावरच्या दीपगृहाचा झोत पाहिलेला असतो. साधा दिवा चारी दिशांना उजेड उधळतो. भिंगे तोच उजेड गोळा करून एका दिशेला पाठवतात, म्हणून तो लांबवरच्या तांडेलाला दिसतो. प्रकाशाला आकार दिला की तो नवे काम करू लागतो, हे रत्नागिरीच्या मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

शास्त्रज्ञांनी हा उद्योग फार पुढे नेला आहे. १९८६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन आणि सहकाऱ्यांनी लेसरचा झोत शक्तिशाली भिंगातून एका बिंदूवर आणला आणि पाण्यातले बारीक कण तिथे अडकवून धरले. कणातून जाताना प्रकाश वाकतो आणि कणाला किंचित ढकलतो. झोत नीट आवळलेला असला तर हे ढकलणे कणाला मध्याकडेच आणते. झोत सरकवला की कणही मागोमाग जातो. हाच प्रकाशाचा चिमटा. त्याबद्दल २०१८ साली अ‍ॅश्किन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय ९६ होते.

वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, पण याचा उपयोग काय?” प्रश्न रास्त होता.

उत्तर मुंबईत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जयश्री धर्माधिकारी, शोभना शर्मा, दीपक माथूर आणि सहकाऱ्यांनी रक्तातील तांबड्या पेशी अशा चिमट्यात धरल्या. ही पेशी इतकी लहान की एका मिलिमीटरमध्ये सुमारे १३० पेशी ओळीने मावतील. काही पेशी निरोगी होत्या, काहींत हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा, जंतू शिरलेला होता. झोतात दोन्ही पेशींची घडी पडून त्या काडीसारख्या झाल्या. पण ज्याच्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतात अशा प्रकाशात निरोगी पेशी गप्प राहिली आणि आजारी पेशी गरगर फिरू लागली! हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले.

अर्थात हे प्रयोगशाळेतले काम. आपल्या आरोग्य केंद्रात आजही बोटातून रक्ताचा थेंब घेऊन, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. थंडी वाजून ताप आला तर ती तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. दोन दिवस काढा पाजून वाट पाहणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

प्रकाशाला पीळही देता येतो. १९९२ साली हॉलंडमधील लायडन येथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की स्क्रूच्या आट्यांसारखा पुढे सरकणारा झोत आपल्यासोबत फिरकी घेऊन जातो. असा झोत भिंतीवर बांगडीसारखा दिसतो, कडेला उजेड आणि मधोमध काळोख. जपानमध्ये अशा लेसरने टँटलम धातूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म सुया उठवल्या, तेव्हा प्रकाशाचा पीळ सुईतही उतरला.

इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर प्रयोग केले, हे आपल्या घरांत अभिमानाने सांगतात. सांगावेच. पण तिथेच थांबायची आपल्याला सवय लागली आहे. रत्नागिरीची कितीतरी मुले मुंबईत शिकतात, कुलाब्याला फिरायलाही जातात, आणि या संस्थेचे नाव त्यांना ठाऊक नसते.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे वडील मासेमारीला जातात. पाण्यावरची चमक कमी करणारा त्यांचा पोलराइज्ड चष्मा तो दुसऱ्या दिवशी घेऊन आला. आम्ही तो कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवला. एका कोनात पडदा काळाकुट्ट झाला. पडद्यातून येणारा प्रकाश एकाच प्रतलातला असतो आणि आडवा धरलेला चष्मा त्याला अडवतो. मग चष्मा वर्गभर फिरला, आणि तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.