घरीं शिकणाऱ्या मुलाचें बीजगणित

शाळेंत न जातां घरींच शिकणारीं मुलें अमेरिकेंत पुष्कळ आहेत. तेथील पन्नासहि राज्यांत अशा शिक्षणास १९९३ पर्यंत कायद्याची मोकळीक मिळाली. आपल्याकडेहि कांहीं कुटुंबांनीं हा मार्ग धरला असून त्यांचीं मुलें राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस बसतात. अंकगणितापर्यंत आईबापांचें निभावतें. बीजगणित आलें म्हणजे मात्र पुस्तक कोणतें घ्यावें हा प्रश्न पडतो. शाळेंतील पुस्तक तोकडें असलें तरी फळ्यापाशीं शिक्षक उभा असतो. घरीं ती उणीव पुस्तकासच भरून काढावी लागते. तेथें निवड फसली तर मूल पुस्तकास दोष देत नाहीं. आपल्याला गणिताची बुद्धीच नाहीं असें तें ठरवून टाकतें.

हॉल आणि नाइट यांचें १८८५ सालचें बीजगणित आपल्याकडे अनेक पिढ्यांनीं गिरविलें, आणि जुन्या कपाटांत तें अजूनहि सांपडतें. त्यांत उदाहरणांचा भरणा मोठा आहे, विवेचन मात्र थोडक्यांत. कारण तें शाळांसाठीं लिहिलेलें होतें. सरावास तें आजहि उत्तम आहे. एकट्या मुलाच्या हातीं पहिलें पुस्तक म्हणून तें देऊं नये, असें आमचें मत आहे.

पुस्तक चाळतांना उदाहरणांची संख्या मोजण्यापेक्षां दोन स्थळें उघडून पहावीं. पहिलें, ऋण संख्येस ऋण संख्येनें गुणिलें असतां गुणाकार धन कां येतो, हें जेथें सांगितलें असेल तें. नुसता नियम चौकटींत छापला असेल तर पुस्तक खालीं ठेवावें. गेल्फांड आणि शेन यांच्या १९९३ साली इंग्रजींत निघालेल्या लहानशा बीजगणितांत यासाठीं दंडाचें उदाहरण घेतलें आहे: पांच डॉलरांचा दंड भरण्याचा प्रसंग तीन वेळां टळला, तर पंधरा डॉलर मिळाल्यासारखेच झाले. गेल्फांड यांनीं १९६४ साली रशियांत पत्रद्वारा गणित शिकविणारी शाळा काढली होती. दूरच्या विद्यार्थ्याशीं बोलण्याची संवय या पुस्तकांत दिसते. मात्र त्यांतील कांहीं प्रश्न बरेच कठीण आहेत.

दुसरें स्थळ (अ + ब) चा वर्ग. बहुतेक मुलें तो ‘अ वर्ग अधिक ब वर्ग’ असा लिहितात. ३ आणि ४ घेऊन पहा: सातांचा वर्ग ४९, पण ९ आणि १६ मिळून २५ च होतात. राहिलेले २४ कोठें गेले? सात एककें बाजूचा चौरस काढून प्रत्येक बाजू ३ आणि ४ अशी विभागली, म्हणजे दोन लहान चौरसांखेरीज बारा-बारा घरांचे दोन आयत उघड दिसतात. ही आकृति ज्या पुस्तकांत आहे, त्याच्या लेखकानें मूल कोठें अडखळतें तें पाहिलेलें आहे.

अक्षरांची भीति मुलांपेक्षां पालकांनाच अधिक वाटते. क्ष हें केवळ नांव आहे. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत अव्यक्त राशींस यावत्तावत्, कालक, नीलक असें म्हटलेंच आहे.

अमेरिकेंतील घरांत दोन पुस्तकांचें नांव विशेष ऐकूं येतें. विमानदलांतून निवृत्त झालेल्या जॉन सॅक्सन यांच्या पुस्तकांत (१९८१) प्रत्येक पाठांत थोडेंच नवें आणि मागील पाठांतील मिसळलेलीं उदाहरणें पुष्कळ. विसराळू मुलास तें मानवतें. पण एकच विषय तुकड्यांनीं येत असल्यानें त्याचें संपूर्ण रूप लवकर दिसत नाहीं. हॅरोल्ड जेकब्स यांचें पुस्तक (१९७९) चित्रें आणि कोडीं यांनीं आरंभ करून नियमाकडे नेतें. कंटाळणाऱ्या मुलास आम्ही हेंच देऊं.

ऑयलर यांचें १७७० सालचें जर्मन बीजगणित तर त्यांनीं दृष्टि जवळजवळ गेली असतां एका सेवकास सांगून लिहविलें. तो पूर्वी शिंप्याकडे उमेदवारी करीत होता, आणि लिहितां लिहितां तोहि बीजगणित शिकला, असें त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत म्हटलें आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. शेवटीं नुसतीं उत्तरें देणारें पुस्तक घरीं पुरत नाहीं. उत्तर चुकलें हें कळतें, पायरी कोठें चुकली हें कळत नाहीं. म्हणून सर्व पायऱ्या मांडलेली उत्तरपुस्तिका मिळते कीं नाहीं, याची चौकशी करावी, आणि ती आईनें किंवा वडिलांनीं आपल्यापाशीं ठेवावी. पैसे देण्यापूर्वीं मुलास दोन पानें एकट्यानें वाचूं द्यावीं व मग पुस्तक मिटून, काय वाचलें तें त्याच्याच शब्दांत विचारावें.