टीव्ही ट्यूनरच्या चिपमधले बोस

केबल नको, इंटरनेट नको, नुसता ॲन्टेना लावून लॅपटॉपवर दूरदर्शन बघायचं आहे, तर यूएसबी ट्यूनर कोणता घ्यावा, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तर सोपं आहे: ज्याच्या खोक्यावर ‘डीव्हीबी-टी२’ असं स्पष्ट छापलेलं असेल तो. नुसतं ‘डीव्हीबी-टी’ लिहिलेला चालणार नाही. अमेरिकेहून कुणी ‘एटीएससी’चा आणून दिला तर तोही इथे काहीच पकडणार नाही. वीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या दुकानांत मिळायचे ते ॲनालॉग ट्यूनर आता जवळपास निरुपयोगी आहेत, कारण दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर मोजके सोडले तर टप्प्याटप्प्याने बंद झाले. डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत सुरू झालं, त्यात आपल्याकडची मुंबई आणि औरंगाबाद होती. आपल्या गावापर्यंत ते पोचतं का, हे पैसे खर्च करण्याआधी जवळच्या दूरदर्शन केंद्रात विचारा. डीडी फ्री डिश ही उपग्रहावरची सेवा आहे, तिचा या ट्यूनरशी संबंध नाही.

खोक्यावरच्या बाकीच्या दाव्यांकडे लक्ष देऊ नका. टी२च्या एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त ५० मेगाबिटच्या आसपास माहिती येते, त्यामुळे साधं यूएसबी २.० भरपूर झालं. ‘शेकडो किलोमीटरची रेंज’ असलेला ॲन्टेना ही तर शुद्ध फसवणूक आहे. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. दूरदर्शनच्या वरळीच्या ३०० मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली लहर ७० किलोमीटरच्या आसपास जमिनीला टेकते. तुमचा ॲन्टेना गच्चीवर असेल तर आणखी दहा-पंधरा किलोमीटर मिळतील. पैसे ॲन्टेनाच्या जाहिरातीवर घालण्यापेक्षा तो खिडकीबाहेर, मनोऱ्याच्या दिशेला उंचावर लावा. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते, तिच्यासाठी १५ सेंटिमीटरची सरळ कांडीसुद्धा चालते.

आता ‘टी’ आणि ‘टी२’ यांत एवढा काय फरक, की जुनी चिप नवं सॉफ्टवेअर घालूनही चालत नाही? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतं ते इथेच आहे.

हवेतून येताना सिग्नलमधले कितीतरी बिट बिघडतात. इमारतींवर आपटून आलेले प्रतिध्वनी, शेजारची मोटार, लिफ्ट, सगळे त्यात ढवळाढवळ करतात. ॲनालॉगच्या काळात पडद्यावर मुंग्या यायच्या, पण माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये चूक मर्यादेबाहेर गेली की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा. म्हणून प्रक्षेपणातच चुका दुरुस्त करण्याची सोय केलेली असते. टी२मध्ये ६४,८०० बिटांचा एक गठ्ठा असतो. त्यातले, समजा, ४३,२०० बिट मूळ माहितीचे, आणि २१,६०० केवळ पडताळणीचे. चिप हा गठ्ठा सुडोकूसारखा सोडवते: प्रत्येक अट थोड्याच घरांना बांधलेली, एक घर नक्की झालं की दुसऱ्याचा संशय कमी होतो, आणि हे फेऱ्यांवर फेऱ्या चालतं. ही युक्ती रॉबर्ट गॅलेजर यांनी १९६० मध्ये एमआयटीतल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडली होती. त्या काळच्या यंत्रांना एवढी आकडेमोड झेपेना, आणि ती तीस-पस्तीस वर्षं जवळपास विसरली गेली. १९९० च्या दशकात डेव्हिड मॅके आणि रॅडफर्ड नील यांनी ती पुन्हा उजेडात आणली. जुन्या ‘टी’च्या चिपमध्ये हे कोडं सोडवणारी यंत्रणाच नसते, म्हणून नुसतं नवं सॉफ्टवेअर घालून भागत नाही.

या सुडोकूनंतरही क्वचित चार-दोन घरं चुकीची राहतात. ती पुसायला मागे आणखी एक चाळणी लावलेली असते, गठ्ठ्यामागे दहा-बारा चुका पकडणारी. तिचं नाव बीसीएच. त्यातला ‘बी’ म्हणजे बोस, पण जगदीशचंद्र नव्हेत आणि सत्येंद्रनाथही नव्हेत. हे राजचंद्र बोस, महालनोबिसांनी कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले गणिती. शेतीच्या प्रयोगात कोणत्या वाफ्यात कोणतं बियाणं आणि कोणतं खत घालावं, म्हणजे निष्कर्ष निखळ मिळतील, या मांडणीचं गणित ते करत होते. १९४९ मध्ये ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी १९६० मध्ये ही संकेतप्रणाली प्रसिद्ध केली. फ्रान्समध्ये ओकॅन्गेम यांनी ती स्वतंत्रपणे वर्षभर आधी शोधली होती. वाफ्यांचं गणित आणि बिटांचं गणित मुळात एकाच सांत बीजगणितावर उभं आहे.

याच बोस यांनी १९५९ मध्ये शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह ऑयलरचं १७८२ मधलं लॅटिन चौरसांबद्दलचं अनुमान खोटं ठरवलं. त्या काळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर त्याची बातमी आली होती. (भरलेलं सुडोकू हाही एक लॅटिन चौरसच असतो.) श्रीखंडे हे बोस यांचेच विद्यार्थी. त्यांनी नागपुरात शिकवलं, पुढे मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग घडवला आणि २०२० मध्ये वयाच्या १०२व्या वर्षी त्यांचं निधन झालं. इतक्या मोठ्या कामाच्या मानाने आपल्याकडे त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट टीव्ही दाखवण्याच्या चाचण्या सध्या देशात चालू आहेत. त्या एटीएससी ३.० या वेगळ्या पद्धतीवर आहेत, टी२ ट्यूनरवर तो सिग्नल दिसणार नाही. मात्र त्या पद्धतीतही गॅलेजर आणि बोस यांचीच जोडी वापरता येते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे: बीसीएच शिकवताना ही तीन अक्षरं फळ्यावर लिहून पुढे जाऊ नका. राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी ही नावं पूर्ण लिहा, आणि मुलांना श्रीखंडे यांच्याबद्दलही सांगा.