गेलेली नोकरी आणि परतीची वाट



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एके संध्याकाळीं घडी घातलेला एक कागद घेऊन मजकडे आले. अकरा वर्षें त्यांनीं एका कारखान्यांत फिटरचें काम केलें होतें, आणि त्या कागदानें त्यांना घरीं बसविलें होतें. "आतां ते लोक मला पुन्हां दाराशीं उभें तरी करतील काय?" एवढेंच त्यांना विचारावयाचें होतें. मीं विचारलें, "कागदांत शब्द कोणता आहे?" ते म्हणाले, "शब्द कोणता कां असेना. काढलें म्हणजे काढलें!" आजच्या भाषणाचा विषय त्यांच्या या उत्तरांतूनच निघाला आहे. काढलें म्हणजे काढलें ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्या पायीं परत येण्याचा मार्ग कित्येकांच्या हातून नकळत निसटतो.

आपण बोलतांना "नोकरी गेली" एवढेंच म्हणतों. परंतु नोकरी जाण्याचे प्रकार अनेक आहेत. कांहींत परतीचें दार उघडें असतें, कांहींत तें नुसतें लोटलेलें असतें, आणि कांहींत त्यास कुलूप पडलेलें असतें. आपल्या वांट्यास यांपैकीं कोणतें दार आलें, हें बहुधा त्या कागदावरील एका शब्दावरून ठरतें. म्हणून नोकरी गेल्याचें दुःख कितीही मोठें असलें, तरी पहिलें काम कागद नीट वाचण्याचें.

प्रथम सरकारी नोकरीचा विचार करूं. केंद्र सरकारच्या नागरी सेवकांस १९६५ सालचे शिस्तविषयक नियम लागू आहेत. त्यांतील अकराव्या नियमांत शिक्षांची यादी दिलेली असून तिच्या शेवटीं दोन शिक्षा शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. एक, सेवेंतून काढून टाकणें, दुसरी, बडतर्फी. दोहोंतही माणूस घरीं जातो व दोहोंतही पगार थांबतो. मग भेद कशांत? पहिल्या शिक्षेसंबंधीं नियमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, ती पुढें सरकारी नोकरी मिळण्यास अपात्रता ठरणार नाहीं. दुसरीसंबंधीं म्हटलें आहे कीं, ती सामान्यतः अपात्रता ठरेल. महाराष्ट्र राज्याच्या सेवकांसाठीं १९७९ सालीं जे शिस्त व अपील नियम झाले, त्यांतही हाच भेद राखलेला आहे. दोघे सेवक एकाच दिवशीं एकाच कचेरींतून बाहेर पडले, तरी एकास पुन्हां अर्ज करण्याची मोकळीक राहते आणि दुसऱ्यास सहसा राहत नाहीं.

अपात्र नाहीं म्हणजे हक्कदार आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. काढून टाकलेल्या सेवकास इतरांप्रमाणेंच वयाची अट, परीक्षा व मुलाखत यांतून जावें लागतें. अर्जांत पूर्वीच्या शिक्षेविषयीं प्रश्न असेल तर त्याचें उत्तर खरें दिलें पाहिजे. जी शिक्षा सांगितल्यानें कदाचित् अडचण झाली नसती, ती लपविल्यानें निश्चित अडचण होते. कारण मग जुन्या चुकीपेक्षां नवी लबाडीच अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत भरते.

हुकूम अन्यायाचा वाटत असेल, तर त्याविरुद्ध अपील करतां येतें. केंद्रीय नियमांप्रमाणें हुकुमाची प्रत हातीं पडल्यापासून ४५ दिवसांच्या आंत तें करावें लागतें. अपिलांत शिक्षा सर्वस्वी रद्द होत नसेल, तरी बडतर्फीऐवजीं सौम्य शिक्षा द्यावी अशी मागणी करतां येते. "नोकरी तर गेलीच, आतां शब्द बदलून काय उपयोग?" असें म्हणून पुष्कळ लोक हे ४५ दिवस दुःखांत घालवितात. त्या एका शब्दावर पुढील सारी सरकारी नोकरी अवलंबून आहे, हें त्यांच्या ध्यानीं येतें तेव्हां मुदत टळलेली असते.

उमेदवारीच्या मुदतींत ज्यांची सेवा समाप्त होते, त्यांच्याविषयींही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सेवकाच्या वर्तनावर ठपका न ठेवतां केवळ नेमणुकीच्या शर्तीप्रमाणें सेवा संपविली, तर ती शिक्षा होत नाहीं. परंतु साध्या शब्दांच्या आड शिक्षाच दडलेली असेल तर काय? पुरुषोत्तमलाल धिंग्रा यांच्या खटल्यांत १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नाचा विचार केला. हुकुमाचें बाह्य रूप कांहींही असो, तो वस्तुतः शिक्षेचा असेल, तर राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचें संरक्षण सेवकास मिळालें पाहिजे, असें त्या निकालाचें तात्पर्य आहे. म्हणून आपल्या हुकुमांत ठपका आहे कीं नाहीं, हेंही पाहावें.

आतां कारखान्यांकडे वळूं. काम कमी झालें, यंत्रें बदललीं, किंवा खर्च झेपेनासा झाला म्हणून कामगार कमी केले जातात, त्यास कपात म्हणतात. कपात ही शिक्षा नव्हे. तींत कामगाराचा कांहीं दोष नसतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं जी भर घालण्यांत आली, तिनें कपात झालेल्या कामगारांस एक मोलाचा हक्क दिला. मालकास पुन्हां माणसें घ्यावयाचीं झालीं, तर त्यानें प्रथम या जुन्या कामगारांस संधि द्यावी, आणि ते पुढें आल्यास नव्या माणसांपेक्षां त्यांना अग्रक्रम द्यावा, असा हा हक्क होता. त्यासाठीं कालाची मर्यादा त्या कलमांत घातलेली नव्हती.

हा कायदा आतां राहिलेला नाहीं. त्याच्या जागीं २०२० सालची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. तिनें पुनर्नेमणुकीचा अग्रक्रम कायम ठेवला आहे, पण त्यास एक वर्षाची मर्यादा घातली आहे. कपातीपासून एक वर्षाच्या आंत मालक माणसें घेणार असेल, तरच हा अग्रक्रम मागतां येतो. वर्ष उलटल्यावर जुना कामगार कायद्याच्या दृष्टीनें इतर उमेदवारांच्याच रांगेंत उभा राहतो. पूर्वीं जो वेळ मोकळा होता तो आतां मोजका झाला आहे, हें प्रत्येक कामगारानें लक्षांत ठेवावें.

या हक्काच्या सीमाही सांगितल्या पाहिजेत. ठराविक मुदतीची नेमणूक मुदत भरल्यानें संपली, तर ती कपात गणली जात नाहीं. स्वखुषीनें राजीनामा दिला तर तीही कपात नव्हे. म्हणून "राजीनामा लिहून द्या, पुढें पाहूं" असें कोणीं म्हटल्यास सही करण्यापूर्वीं आपण काय सोडीत आहों याचा विचार करावा. व्यवस्थापनाचें काम करणाऱ्यांस हें कलम लागू नाहीं. त्यांना आपल्या कराराचाच आधार.

गैरवर्तनाच्या आरोपावरून खासगी नोकरी गेली असेल, तर पुन्हां घेण्याचें बंधन मालकावर नसतें. मात्र आरोपच खोटा असेल, किंवा अपराधाच्या मानानें शिक्षा फार कठोर असेल, तर कामगारास वाद उपस्थित करतां येतो. शिक्षा तपासून ती सौम्य करण्याचा अधिकार कामगार न्यायालयांस १९७१ सालीं मिळाला, आणि नव्या संहितेंत तो औद्योगिक न्यायाधिकरणाकडे आहे. पण येथेंही वेळेचें भान हवें. वाद उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षें लोटल्यावर समेट अधिकाऱ्यास तो हातीं घेतां येत नाहीं. जुन्या कायद्यांत कामगार न्यायालयाकडे थेट अर्ज करण्याची मुदत तीन वर्षांची होती.

येथें दोन शब्दांची गफलत टाळावी. पुनःस्थापना म्हणजे काढल्याचा हुकूमच रद्द होऊन माणूस आपल्या जुन्या जागीं परत येणें. पुनर्नेमणूक म्हणजे त्याच दारांतून नव्यानें आंत शिरणें. पहिलींत सेवा अखंड धरली जाऊं शकते. दुसरींत मागील वर्षें आपोआप जोडून मिळत नाहींत. आपण काय मागत आहों, हें अर्जांत स्पष्ट असावें.

हा अर्ज कसा असावा, असें पुष्कळ जण विचारतात. तो लहान असावा. पूर्वीं कोणत्या खात्यांत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केलें, तें प्रथम लिहावें. नोकरी कोणत्या कारणानें संपली, तें हुकुमांतील शब्दांतच लिहावें. दोष आपला असेल तर तो एका वाक्यांत मान्य करून त्यानंतर आपण काय केलें तें सांगावें. कोठें काम केलें, कोणतें शिक्षण घेतलें, ज्या कारणानें चूक घडली तें कारण आतां कसें उरलेलें नाहीं, हें दाखवावें. जुन्या वरिष्ठांचीं गाऱ्हाणीं सांगूं नयेत. शेवटीं सरळ विचारावें कीं, आपल्या दप्तरीं माझें नांव पुन्हां नेमणुकीस पात्र म्हणून आहे किंवा नाहीं, आणि नसल्यास किती काळानें फेरविचार होऊं शकेल. तोंडी उत्तरावर विसंबूं नये. सेवेचा दाखलाही मागून घ्यावा. १९४६ च्या कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांत तर बडतर्फ झालेल्या कायम कामगारासही असा दाखला मिळण्याची तरतूद होती.

शिक्षा म्हणून गेलेली नोकरीही परत मिळाल्याचें एक मोठें उदाहरण आपल्या इतिहासांत आहे. ८ मे १९७४ रोजीं रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला आणि सुमारें वीस दिवस चालला. त्यांत हजारों कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ सालीं सरकार बदललें, आणि कोंकणांतून निवडून आलेले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर या कामगारांस परत घेण्यांत आलें. तीन वर्षांपूर्वीं बंद झालेलें दार असें उघडलें. परंतु तें सामुदायिक मागणीचें व राजकीय निर्णयाचें फळ होतें. एकट्या माणसानें सरकार बदलण्याची वाट पाहत बसणें शहाणपणाचें नव्हे. त्याचा आधार म्हणजे कागद, तारीख आणि पत्ता.

पत्ता कां म्हणतों, तें त्या फिटर गृहस्थांच्या गोष्टींतच आहे. त्यांच्या कागदांत शब्द निघाला "कपात". जुन्या कायद्याखालील १९५७ च्या केंद्रीय नियमांत अशी रीत घातलेली होती कीं, जागा भरण्यापूर्वीं किमान दहा दिवस त्यांची माहिती फलकावर लावावी आणि पात्र अशा कपात झालेल्या कामगारांना, त्यांनीं दिलेल्या पत्त्यावर, नोंदणीकृत टपालानें कळवावें. त्यांच्या कारखान्याचीही रीत अशीच होती. हे गृहस्थ मात्र नोकरी जातांच चाळींतील खोली सोडून भावाकडे राहावयास गेले होते. मीं त्यांना दुसऱ्याच दिवशीं नवा पत्ता कारखान्यास नोंदणीकृत टपालानें कळविण्यास आणि पावती जपून ठेवण्यास सांगितलें.

आठ महिन्यांनीं त्यांना पत्र आलें व ते परत कामावर गेले. अकरा वर्षांचा हिशेब मात्र जुळला नाहीं. नेमणूक नवी होती, आणि जीं मुलें त्यांच्या हाताखालीं शिकलीं, त्यांपैकीं कांहीं आतां सेवेंत त्यांच्या वर होतीं. तें त्यांनीं कुरकुर न करतां पत्करलें. ते मजकडे पेढे घेऊन आले, त्या दिवशीं मात्र फारसे बोलले नाहींत. त्यांच्याच बांकावर काम करणाऱ्या सोबत्याचेंही पत्र त्याच दिवशीं निघालें होतें. तो सोबती खोली सोडून गांवीं गेला होता. त्याचें पत्र "मालक राहत नाहींत" असा शेरा घेऊन कारखान्यांत परत आलें, आणि ती जागा दुसऱ्यानें भरली.

दोघांचा शब्द एकच होता, हक्क एकच होता. एकानें आपला पत्ता कळविला होता आणि दुसऱ्यास तो कळवावयाचा असतो हें कोणीं सांगितलें नव्हतें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा घडी घातलेला कागद पडून असेल, त्यांनीं तो आज रात्रींच उघडून पाहावा. त्यांतील शब्द वाचावा, तारीख मोजावी, आणि आपला पत्ता कारखान्याच्या दप्तरीं बरोबर आहे ना, याची उद्यांच खात्री करून घ्यावी.