पोकळीतून करंट निघतो का? मामांच्या व्हिडिओची गोष्ट

चांदूर रेल्वेहून मामांचा फोन आला. "व्हिडिओ पाह्यला काय? पोकळीतून करंट ओढनारी मशीन हाय म्हन्तेत. विहिरीच्या मोटारीले कामी येते ना बाप्पा!" ॲडव्हान्स भरला नव्हता, एवढं नशीब.

गंमत अशी, की व्हिडिओतलं अर्धं खरं आहे. एखाद्या जागेतली हवा, उजेड, सगळं काढून घ्या. तरी तिथलं विद्युतचुंबकीय क्षेत्र पूर्ण गप्प बसत नाही, थरथरतं. आणि इथली थरथर तिथल्या थरथरीशी जुळलेली असते. दूरदूरचे दोन अणू क्षणभर या क्षेत्राशी जोडले, तर एकमेकांना निरोप न पाठवताही त्यांच्यात क्वांटम गुंता तयार होऊ शकतो, असं गणित सांगतं. क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांना हवा असतो तो हाच गुंता.

मग करंट? पुण्याच्या आयुकामधले एल. श्रीरामकुमार आणि थनू पद्मनाभन यांनी १९९६ साली थोडाच वेळ चालू ठेवलेल्या डिटेक्टरचं गणित मांडलं. असा डिटेक्टर जागेवर स्थिर असला तरी पोकळीत 'टिक' करू शकतो. पण त्या टिकची ऊर्जा स्विच मारणाराच भरतो! २०११ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात पोकळीतून खरोखर प्रकाशकणांच्या जोड्या काढल्या. तिथंही आरशासारखं वागणारं सर्किट सेकंदाला अब्जावधी वेळा 'हलवावं' लागलं, म्हणजे बिल बाहेरूनच.

मामांना म्हटलं, गुंता मिळेल, करंट नाही.

"मंग मोटारीचं काय?"

सौर पंपाच्या अर्जाची लिंक पाठवलीय.