विश्लेषण : नेरूळच्या हवेचे आकडे खुले, तरी वाचता का येत नाहीत? काय आहे ‘प्रेटी प्रिंट’?

थंडीच्या दिवसांत सकाळी खाडीच्या बाजूला धुरकट थर दिसला, की आज चालायला जावे की नको, असा प्रश्न नेरूळकरांना पडतो. मोबाइलवरील अ‍ॅप त्याचे उत्तर एका आकड्यात देते. त्या आकड्यामागची माहिती केंद्र सरकारच्या खुल्या डेटा संकेतस्थळावर मोफत मिळते. मात्र ती उघडली की समोर येतो कंस, अवतरणचिन्हे आणि स्वल्पविरामांचा सलग लोंढा. हा लोंढा माणसाला वाचता येईल असा मांडणे म्हणजे ‘प्रेटी प्रिंटिंग’. नाव सजावटीचे असले, तरी त्याचा खरा उपयोग चुका पकडण्यासाठी होतो.

नेरूळच्या हवेची माहिती कुठून येते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत नेरूळ नावाची दोन स्वयंचलित केंद्रे आढळतात. एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, तर दुसरे सेक्टर १९ए मधील, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे. देशभरातील अशा केंद्रांच्या नोंदी खुल्या डेटा संकेतस्थळावर ‘एपीआय’द्वारे मिळतात. नोंदणी करून एक की घेतली, की कोणताही विद्यार्थी किंवा नागरिक आपल्या प्रोग्राममधून ही माहिती मागवू शकतो. नेरूळमध्येच अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यामुळे वर्गातील प्रकल्पासाठी हा विषय अगदी हाताशी आहे.

ही माहिती सलग ओळीत का येते?

माहिती बहुधा ‘जेसन’ या स्वरूपात येते. प्रत्येक नोंद महिरपी कंसात, तिच्या आत नाव आणि मूल्य अशा जोड्या, आणि सगळ्या नोंदी मिळून एका चौकोनी कंसात, अशी त्याची रचना असते. अमेरिकी प्रोग्रामर डग्लस क्रॉकफर्ड यांनी या शतकाच्या सुरुवातीला हे स्वरूप रूढ केले.

जेसनमध्ये दोन घटकांच्या मधल्या मोकळ्या जागेला काही अर्थ नसतो. ती ठेवली काय, काढली काय, संगणकाला माहिती तीच मिळते. म्हणून सर्व्हर जागा वाचवतो आणि सगळे एका ओळीत पाठवतो. उदाहरणार्थ (नावे मराठीत केली आहेत, आकडे काल्पनिक आहेत) :

[{"स्थानक":"नेरूळ-१","प्रदूषक":"पीएम १०","उपनिर्देशांक":"१०४"},{"स्थानक":"नेरूळ-२","प्रदूषक":"पीएम १०","उपनिर्देशांक":"एनए"}]

या दोनच नोंदी आहेत. प्रत्यक्षात त्या शेकडो असतात.

मांडणी बदलल्यावर काय दिसते?

हीच माहिती प्रत्येक जोडी नव्या ओळीवर आणि आतला भाग थोडा उजवीकडे सरकवून मांडली, तर ती अशी दिसते :

[
  {
    "स्थानक": "नेरूळ-१",
    "प्रदूषक": "पीएम १०",
    "उपनिर्देशांक": "१०४"
  },
  {
    "स्थानक": "नेरूळ-२",
    "प्रदूषक": "पीएम १०",
    "उपनिर्देशांक": "एनए"
  }
]

एकही मूल्य बदललेले नाही. तरीही आता दोन गोष्टी चटकन डोळ्यांत भरतात.

पहिली, दुसऱ्या केंद्रावर आकडाच नाही. ‘एनए’ म्हणजे नोंद उपलब्ध नाही. एखाद्या प्रोग्रामने त्याचे शून्य केले, तर दोन केंद्रांची सरासरी १०४ ऐवजी ५२ निघेल. भारताच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात ५१ ते १०० म्हणजे ‘समाधानकारक’, तर १०१ ते २०० म्हणजे ‘मध्यम’. म्हणजेच यंत्र बंद असल्यामुळे कागदोपत्री हवा सुधारेल. दमा असलेल्या घरातील व्यक्तीने त्या भरवशावर बाहेर पडायचे ठरवले, तर ही चूक महागात पडू शकते.

दुसरी, १०४ हा आकडा अवतरणचिन्हांत आहे. म्हणजे संगणकाच्या लेखी तो संख्या नसून मजकूर आहे. मजकूर म्हणून चढता क्रम लावला, तर १०४ हे ९८ च्या आधी येते, कारण आधी पहिले अक्षर पाहिले जाते. मग ‘सर्वाधिक प्रदूषित केंद्र’ म्हणून भलतेच नाव वर येऊ शकते.

आकडा नसताना निर्देशांक काढतात का?

त्यासाठी नियम ठरलेले आहेत. २०१५ मध्ये देशभर लागू झालेल्या या निर्देशांकात आठ प्रदूषकांचा विचार होतो. किमान तीन प्रदूषकांची माहिती हवी आणि त्यांत पीएम २.५ किंवा पीएम १० यांपैकी एक असलेच पाहिजे. २४ तासांच्या सरासरीसाठी किमान १६ तासांच्या नोंदी लागतात. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढून त्यांतील सर्वांत मोठा आकडा अंतिम धरला जातो. त्यामुळे रिकामी जागा कुठे आहे, हे आधी दिसणे आवश्यक ठरते.

पायथनमध्ये हे कसे करतात?

पायथनमध्ये त्यासाठी दोन अंगभूत साधने आहेत. त्यांतला फरक मात्र लक्षात ठेवावा लागतो.

• जेसन मॉड्यूलमधील ‘डम्प्स’ : याला ‘इंडेंट’ हा पर्याय देऊन २ किंवा ४ लिहिले, की वरच्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी मिळते. निकाल हा खरा जेसन असतो. तो फाइलमध्ये ठेवता येतो, दुसऱ्या प्रोग्रामला देता येतो.

• ‘पीप्रिंट’ : हे पायथनच्या स्वतःच्या याद्या आणि कोश नीट छापते. ते डोळ्यांसाठी आहे. त्यात एकेरी अवतरणचिन्हे येतात, रिकाम्या मूल्यासाठी जेसनच्या ‘नल’ऐवजी ‘नन’ छापले जाते. हा निकाल जेसन समजून पुढे पाठवला, तर समोरचा प्रोग्राम तो नाकारतो.

पीप्रिंट नावे वर्णानुक्रमे लावते. मूळ क्रम हवा असेल, तर तसे सांगण्याची सोय पायथनच्या ३.८ आवृत्तीपासून आहे. ओळीची रुंदी ते ८० अक्षरे धरते. ८० रकान्यांच्या जुन्या पंचकार्डांपासून रूढ झालेले हे माप मोबाइलच्या पडद्यावर मावत नाही. फोनवर पाहायचे असेल, तर रुंदी ४० च्या आसपास ठेवणे सोयीचे.

ही कल्पनाही जुनी आहे. बिल गॉस्पर यांनी १९६७ मध्ये लिस्प भाषेतील प्रोग्राम कंसांच्या गर्दीतून सोडवून छापणारे साधन लिहिले होते. कंसांत कंस अडकले की माणूस गोंधळतो, हे तेव्हापासूनच लक्षात आले होते.

‘नेरूळ’चे आकडे का होतात?

मराठीत काम करणाऱ्यांना पहिला धक्का इथे बसतो. ‘डम्प्स’ने ‘नेरूळ’ छापायला सांगितले, तर नावाच्या जागी ०९२८, ०९४७, ०९३०, ०९४२, ०९३३ असे पाच संकेत येतात. प्रत्येकाच्या आधी उलटी तिरकी रेघ आणि रोमन यू असते. ही बिघाडाची खूण नव्हे. न, एकाराची मात्रा, र, दीर्घ ऊकार आणि ळ यांचे हे युनिकोड क्रमांक आहेत. रोमन लिपीपलीकडची अक्षरे न समजणाऱ्या जुन्या यंत्रणांतूनही माहिती सुखरूप जावी, म्हणून पायथन मुळातच ही खबरदारी घेते.

‘एन्शुअर आस्की’ हा पर्याय ‘फॉल्स’ केला, की मराठी मराठीतच छापले जाते. जागाही वाचते. यूटीएफ-८ मध्ये ‘नेरूळ’ला १५ बाइट लागतात, तर संकेतांच्या रूपात ३०. फाइल जतन करतानाही यूटीएफ-८ निवडायला विसरू नये.

तक्ता वाकडा का दिसतो?

नोंदी रकान्यांत छापताना पायथन अक्षरे मोजून मोकळी जागा भरते. डोळ्यांना ‘नेरूळ’मध्ये तीन अक्षरे दिसतात, पायथन मात्र मात्रा धरून पाच मोजते. परिणामी मराठी नावांपुढचे रकाने ओळीत बसत नाहीत. माहिती स्प्रेडशीटमध्ये किंवा वेबपानावरील तक्त्यात नेणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

मोठ्या संख्यांचेही तसेच. पायथनचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो आणि १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ छापले जाते. लाख-कोटीची सवय असलेल्या वाचकासाठी ही मांडणी वेगळी करून घ्यावी लागते.

काय काळजी घ्यावी?

• जेसन नीट करून देणारी अनेक मोफत संकेतस्थळे आहेत. तिथे एपीआय की, ग्राहकांचे फोन क्रमांक किंवा रुग्णांच्या नोंदी चिकटवू नयेत. ती माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊ शकते. संगणकावरील फायरफॉक्स ब्राउझर जेसन आपोआप उलगडून दाखवतो.

• वाचण्यासाठी सुटी मांडणी, पाठवण्यासाठी सलग ओळ, हा नियम पाळावा. मोकळ्या जागांनी फाइल फुगते.

• एकाच नावाची दोन केंद्रे असतील, तर केंद्राचे पूर्ण नाव आणि नोंदीची वेळ छापावीच.

• ‘एनए’ला शून्य करू नये. ते ‘नोंद नाही’ असेच दाखवावे.

अर्थात नीटनेटकी मांडणी आकडा खरा असल्याची हमी देत नाही. यंत्राने चुकीचे मोजले असेल, तर तीच चूक सुवाच्य दिसेल. पण कुठे नोंद आहे, कुठे नाही आणि कोणता आकडा कोणत्या केंद्राचा, एवढे तरी पाहणाऱ्याला कळते. आज बाहेर पडावे की नाही, हे ठरवण्याआधी तेवढे कळणे गरजेचे आहे.